३ मार्च २०१८ : त्रिपुरातला लाल गड ढासळला

त्रिपुरा या खेड्यापाड्यांच्या चिमुकल्या राज्यात या दिवशी मतमोजणी झाली आणि १९९३ पासून सलग सत्तेत असलेली डावी आघाडी पायउतार झाली. २०१३ मध्ये खातेही न उघडलेल्या भाजपने ३५ जागा पटकावल्या, मित्रपक्ष आयपीएफटीने ८. डाव्या आघाडीतला माकप ४९ वरून थेट १६ वर घसरला. गंमत म्हणजे, भाजप आणि माकप यांच्या मतांत दीड टक्क्याचाही फरक नव्हता! पारडे फिरवले ते भाजपकडे वळलेल्या काँग्रेसच्या मतदाराने. गेल्या खेपेस १० आमदार निवडून आणणाऱ्या या पक्षाला भोपळा मिळाला. सरकारी कर्मचाऱ्यांना भाजपने दाखवलेले सातव्या वेतन आयोगाचे गाजरही कामी आले. साध्या राहणीचे मुख्यमंत्री माणिक सरकार धनपूरमधून स्वतः जिंकले, पण सरकार गेले. भाजपची बांधणी केली होती मराठी प्रभारी सुनील देवधर यांनी; त्यासाठी ते बंगाली आणि कोकबरोक या तिथल्या भाषा शिकले होते. उमेदवाराच्या निधनामुळे लांबलेले चारिलाम मतदारसंघाचे मतदान १२ मार्चला झाले. त्याआधीच, ९ मार्चला, भाजपच्या बिप्लब देव यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.