मंदीचे दिवस आणि गिरणीतला माणूस

एखाद्या साली पीक बुडाले, तर घरधनी काय करतो? खर्च आवरतो, लग्नकार्य पुढे ढकलतो. पण घरातल्या माणसाला काही बाहेर काढीत नाही. कारखान्याचे घर मात्र निराळे. तिथे मंदी आली, की पहिली कात्री माणसांवर चालते. ज्याला आज मनुष्यबळ विभाग म्हणतात, त्याची परीक्षा अशाच वेळी होते. याचा एक धडा मुंबईच्या गिरण्यांनी फार महागात घेतला. तो आज पाहू.

पहिल्या महायुद्धात गिरण्यांची भरभराट होती. पुढे जपानी कापडाची स्पर्धा वाढली आणि माल पडून राहू लागला. 1925 साली मालकांनी मजुरी साडेअकरा टक्क्यांनी उतरवायचे ठरवले. सप्टेंबरात संप झाला. देशी कापडावर तेव्हा सरकारचा साडेतीन टक्के कर होता. डिसेंबराच्या आरंभी सरकारने तो तहकूब केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि संप मिटला. तोटा भरून काढायला मजुराच्या ताटाखेरीज दुसरीही वाट होती. पण ती सापडेपर्यंत हजारो घरांनी अडीच महिने उपास काढले. 1928 साली थोड्या माणसांकडून जास्त साचे चालवून घेण्याचा प्रश्न आला, तेव्हा सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले.

आता विचाराल, गिरणीत माणसांचा कारभार पाहणारे कुणी नव्हते काय? होता, त्याचे नाव जॉबर. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या माणसाला कामावर घेणारा तोच आणि काढणाराही तोच. त्याचा हात ओला केला नाही, तर मंदीत पहिला नंबर आपला, हे प्रत्येकजण जाणून होता. काढलेला माणूस गावी परते आणि भावाच्या तुटपुंज्या शेतावर आणखी एक ताट वाढे. मंदी मुंबईची, पण झळ खेड्याला!

1931 साली व्हिटले कमिशनने सुचवले, की भरतीचे काम जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावे. 1935 पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. कार्डाने काम वाढले नाही, हे खरे. पण आहे ते काम कुणाला, हे मर्जीऐवजी कागदावर ठरू लागले. 1948 च्या कारखाना कायद्याने पाचशे कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी आला. 1953 साली कायद्यात दुरुस्ती झाली: कपात करताना महिन्याची नोटीस, नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, शेवटी आलेला आधी जाणार, आणि पुन्हा भरती निघाली तर काढलेल्याचा हक्क पहिला. हा जुना कायदा जाऊन 2020 ची संहिता झाली, तरी शेवटी आलेला आधी, ही रीत तिनेही सोडली नाही.

मंदी कुणाच्या हातची नाही. पण तिच्या दिवसांत हिशेब कामगारांपुढे मांडायचा, दुसरी वाट आधी शोधायची, आणि माणूस कमी करावाच लागला तर कुणाच्या खुशीने नव्हे, सर्वांना ठाऊक असलेल्या नियमाने करायचा, एवढे तर अधिकाऱ्याच्या हातचे आहे ना? नोकरी गेल्याचे दुःख माणूस एक वेळ गिळतो. आपल्यावर अन्याय झाला, हे मात्र तो जन्मभर विसरत नाही.