उंदराचा डोळा

ज्या घरात संगणकावर खेळ खेळणारे मूल आहे, त्या घरात केव्हा ना केव्हा एक वाद झडतोच. मूल म्हणते, मला नवा माऊस पाहिजे. वडील म्हणतात, आहे तो चालतो की! मूल म्हणते, चालतो खरा, पण बरोबर चालत नाही. वडिलांना हा निव्वळ हट्ट वाटतो. या वादात मी बहुधा मुलाच्या बाजूचा असतो. मात्र दुकानातल्या खोक्यावर ठळक टायपात छापलेल्या आकड्याला भुलून ते नवा माऊस मागत असेल, तर मी वडिलांच्या बाजूचा. हा निवाडा मी कोणत्या आधारावर करतो ते सांगायचे, तर साठ वर्षांची हकिगत सांगावी लागेल. वाचकांनी फराळाची बशी जवळ घेऊन बसावे; फार वेळ घेणार नाही.

माऊसचे काम तसे पाहिले तर एकच. हात किती सरकला आणि कोणत्या दिशेने सरकला, एवढे संगणकाला कळवायचे. काळोखात पावले मोजत चालणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिती असते. एखादे पाऊल मोजायचे राहून गेले, की ती चूक पुढच्या सगळ्या वाटेत तशीच राहते. पत्र लिहिताना हे जाणवतही नाही. पडद्यावरचा बाण थोडा अलीकडे राहिला, तर डोळा ते पाहतो आणि हात थोडा पुढे जातो. नेमबाजीच्या खेळात डोळ्याला ही सवड नसते. तिथे हातच शिकलेला असतो. इतके बोट सरकवले की इतके वळायचे, हे हाताला पाठ असते. जसे चांगल्या पेटीवाल्याचे बोट पट्ट्यांकडे न पाहता हव्या त्या सुरावर जाऊन बसते. आता वाजवता वाजवता एखादी पट्टी कुणी सुतभर बाजूला सरकवली तर? खेळणाऱ्या मुलाची तक्रार नेमकी ही असते.

पहिला माऊस लाकडाचा होता. अमेरिकेत मेनलो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांनी त्याची कल्पना काढली आणि १९६४ साली बिल इंग्लिश यांनी तो बनविला. त्याच्या पोटाखाली एकमेकांना काटकोनात बसविलेली दोन चाके होती. एक उभी चाल मोजी, दुसरे आडवी. तिरके जाताना दोन्ही चाके थोडी फिरत आणि थोडी घसटत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत एंगेलबार्टनी तो जगाला दाखविला. मौज अशी, की त्याच्या काही आठवडे आधीच जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीने चाकांऐवजी गोळा बसविलेला माऊस आपल्या यंत्रासोबत देऊ केला होता. विमानांच्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रासाठी टेबलात बसविलेला, हाताने फिरवायचा गोळा त्यांच्यापाशी होता. तो त्यांनी उलटा केला, एवढेच. १९७२ साली बिल इंग्लिश यांनीही झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत गोळ्याचा माऊस केला आणि पुढची पंचवीस वर्षे गोळ्याचे राज्य चालले.

ते राज्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना मळाची आठवण नक्की असेल. रबराचा थर दिलेला तो जड गोळा फिरे, तो आतल्या दोन नळ्यांना फिरवी, नळ्यांच्या टोकाला भोके पाडलेल्या चकत्या असत आणि त्या भोकांतून लुकलुकणारा उजेड मोजला जाई. गोळा टेबलावरचा सारा मळ गोळा करून त्या नळ्यांवर नेऊन बसवी. आमच्या कचेरीत दर पंधरवड्याला माऊस उताणा करून, झाकण फिरवून, गोळा बाहेर काढून, नखाने अगर टाचणीने ते काळे वळे खरवडण्याचा एक छोटासा समारंभ होई आणि त्या निमित्ताने चहाही होई. खेळाडूंना मात्र मळापेक्षा दुसरी अडचण मोठी होती. हाताला झटका दिला की गोळा फिरण्याऐवजी घसरे. घसरला तेवढा प्रवास हिशेबातून गेला.

तरीही या गोळ्यावरच मोठमोठ्या लढती झाल्या. १९९७ साली ‘क्वेक’ या खेळाच्या स्पर्धेत डेनिस फाँग या तरुणाने पहिला क्रमांक मिळविला, तेव्हा खेळाचे एक कर्ते जॉन कारमॅक यांनी स्वतःची तांबडी फेरारी मोटार त्याला बक्षीस दिली. माऊस आणि कळफलक ही जोडी घेऊन बसणारे खेळाडू कोण, असा प्रश्न त्यानंतर फारसा कुणी केला नाही. त्यांच्यासाठी खास वस्तू करण्यात पैसा आहे हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. १९९९ साली रेझर या नावाने ‘बूमस्लँग’ नावाचा गोळ्याचा माऊस निघाला. साधा माऊस इंचाला चारशेच्या आसपास मोजी, हा दोन हजार मोजी. गोळ्याची विद्या इथे कळसाला पोचली. आणि तिचा शेवटही त्याच साली ठरला, कारण त्याच साली उंदराला डोळा आला.

डोळ्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. १९८० च्या सुमारास अमेरिकेतच दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ती साधली होती. स्टीव्ह कर्श यांच्या माऊसला रेघांची जाळी छापलेली धातूची पाटी लागे. ती पाटी आडवी फिरवली की उभ्याचे आडवे होई. झेरॉक्सच्या रिचर्ड लायन यांचा माऊस टिंबे छापलेल्या कागदावर चाले. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. ज्या टिपणबिंदूला उजेड आधी पोचेल, तो आपल्या शेजाऱ्यांना गप्प बसवी. प्राण्यांच्या डोळ्यातील पडदा कडा ओळखताना काहीसे असेच करतो आणि लायन यांनी ती कल्पना तिथूनच उचलली होती. पण पाटीशिवाय आंधळा होणारा डोळा घरोघरी कोण ठेवणार?

खरा डोळा आला तो कागद वाचणाऱ्या यंत्रातून. ह्यूलेट पॅकार्डच्या प्रयोगशाळेत हातात धरून कागदावरून फिरवायचे, छायाप्रत घेणारे एक यंत्र तयार होत होते. हात कागदावर कसाही नागमोडी गेला तरी चित्र नीट जुळले पाहिजे, म्हणून त्या यंत्राला कागदाचे तंतू पाहून स्वतःची चाल ओळखायला शिकविले होते. तीच विद्या माऊसमध्ये आली आणि १९९९ साली मायक्रोसॉफ्टने तिच्यावर बेतलेला ‘इंटेलिमाऊस एक्स्प्लोरर’ बाजारात आणला. ना गोळा, ना पाटी, ना टाचणी.

त्याची रीत अशी. एक लाल दिवा तिरपा उजेड टाकतो. संध्याकाळच्या उन्हात सपाट दिसणाऱ्या शेतातलीही ढेकळे उठून दिसतात, तशी टेबलाची बारीक खरखर त्या उजेडात सावल्या टाकते. वर एक चिमुकला कॅमेरा बसलेला असतो. पहिल्या इंटेलिमाऊसमध्ये तो सेकंदाला १,५०० चित्रे घेई. आधीच्या चित्रावर नंतरचे चित्र, जणू ट्रेसिंग कागदावर काढल्यासारखे, इकडे तिकडे सरकवून पाहायचे; जिथे दोन्ही सर्वांत चांगले जुळतील तेवढा हात सरकला. आता यात धोका कोठे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. दोन चित्रांच्या मध्ये हात इतका वेगाने गेला, की दोहोंत सामाईक असे काही उरलेच नाही, तर डोळा गोंधळतो. मग तो काहीतरी ठोकून देतो आणि खेळाडूची बंदूक एकाएकी आकाशाकडे नाहीतर पायाशी वळते. प्रारंभीच्या डोळ्यांची ही खोड होती. म्हणून कितीतरी चांगले खेळाडू काही काळ गोळ्यालाच चिकटून राहिले, आणि त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

पुढे २००४ साली लॉजिटेकने ‘एमएक्स १०००’ काढला. साध्या दिव्याच्या जागी लेसर. लेसरला गुळगुळीत पृष्ठभागावरचीही खरखर दिसे, म्हणजे नजर अधिक तीक्ष्ण. इथूनच आकड्यांची चढाओढ सुरू झाली. डीपीआय म्हणजे एका इंचाच्या सरकण्यात माऊस किती वेळा ‘सरकलो’ म्हणून सांगतो ती संख्या. २००५ च्या सुमारास दोन हजार, दशक संपता संपता पाच हजारांच्या वर, आणि आज पंचवीस हजारांपलीकडे. पण १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावर १२,००० डीपीआयचा माऊस एक इंच सरकवला, तर बाण सहा पडदे ओलांडील! नेमबाजीत पोट भरणारे बहुतेक खेळाडू आजही ४००, ८०० नाहीतर १,६०० यांवरच माऊस लावतात. तेव्हा खोक्यावरचा आकडा हा मोटारीच्या काट्यावर छापलेल्या कमाल वेगासारखा समजावा.

आणि तीक्ष्ण नजरेच्या या लेसरनेच खेळाडूंचा घात केला. कापडी पॅडवर तोच हात तेवढ्याच अंतरावर सावकाश नेला तर एक मोजमाप आणि झटक्याने नेला तर दुसरे, असे होऊ लागले. लेसर कापडाच्या धाग्यांत खोलवर पाहतो आणि नको ते तपशील धरतो, असे याचे कारण सांगतात. फरक शेकड्यात थोडाच, पण पेटीची पट्टी सरकायला सुतभर पुरते. कंपन्यांच्या जाहिरातीत याचा अर्थातच उल्लेख नव्हता. खेळाडूंनी तो स्वतः मोजून काढला आणि एकमेकांना सांगितला. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत मोठा वाटतो. विशी न ओलांडलेल्या मुलांनी पट्टी, कापड आणि मनगट एवढ्या सामग्रीवर बाजाराला माघार घ्यायला लावली. साध्या दिव्याचा डोळा परत आला. २०१४ साली लॉजिटेकच्या ‘जी ५०२’ मध्ये तैवानच्या पिक्सआर्टने घडविलेला तसा सेन्सर आला. २०१६ च्या सुमारास त्याच जातीचा ‘पीएमडब्ल्यू ३३६०’ सर्वांना मिळू लागला. सेकंदाला सुमारे १२,००० चित्रे आणि २५० इंच वेगापर्यंत दिशाभूल नाही! माणसाच्या मनगटाला यापुढे त्याला गोंधळवणे कठीणच.

गाण्यासारखीच यातही घराणी आहेत. ह्यूलेट पॅकार्डची ही विद्या १९९९ साली वेगळ्या झालेल्या अ‍ॅजिलेंटकडे, तिथून २००५ नंतर अव्हॅगोकडे आणि पुढे पिक्सआर्टकडे गेली. आज निरनिराळ्या नावांचे, दुप्पट-तिप्पट किमतींचे माऊस उघडले तर आत पुष्कळदा एकाच घराण्याचा डोळा निघतो. लॉजिटेकने २०१७ पासून ‘हीरो’ नावाचा आपला सेन्सर वापरला, तो मुख्यतः बॅटरी कमी खावी म्हणून.

आता घरातल्या वादाचा निकाल करू. माझ्या भाच्याची तक्रार आली, तेव्हा मी आधी टेबल पाहिले. टेबलावर काच, काचेखाली आजोबांचे आणि कुलदैवताचे फोटो! साध्या डोळ्याला काच दिसत नाही. त्याला दिसत होते ते खालचे धूसर फोटो. काचेवर जाड पुठ्ठा ठेवला आणि निम्मी तक्रार मिटली. उरलेली निम्मी तपासायला एका जाड वहीची कड लावली. माऊस कडेशी टेकवून पडद्यावरच्या खुणेवर नेम धरायचा, सावकाश वीतभर दूर न्यायचा आणि झटक्याने परत कडेवर आणून आदळायचा. नेम त्याच खुणेवर आला तर डोळा इमानी. भाच्याचा माऊस दर वेळी खुणेच्या पुढेच जात होता. सही करून पैसे मंजूर केले.

दुसरी तपासणी माऊस उचलण्याची. खेळाडू पॅडची कड आली की माऊस उचलून मागे ठेवतात. उचलल्यावरही तो पाहत राहिला तर नेम ढळतो. यासाठी माऊसखाली, डोळ्याचे भोक मोकळे राहील अशी, एकेक सीडी सरकवून पाहतात. एका सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. जितक्या कमी सीडींवर तो आंधळा होईल तितका बरा. पण घरात सीडी शोधता एकच मिळाली, माझ्या मेहुण्याच्या लग्नाची. ती लावायला आता आमच्याकडे यंत्र नाही. नवा माऊस तिच्यावर ठेवताच आंधळा झाला आणि भाच्याने ‘पास’ म्हणून जाहीर केले. मेहुणे तेवढे म्हणाले, ती पुन्हा कपाटात नीट ठेवा.