देश स्वतंत्र झाला की त्याच्या आकाशाचं आणि लष्कराचं काय होतं? पाषाण-मुळशीच्या रस्त्यावरून समजून घेऊ

दर १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर झेंडा फडकला की २१ तोफांची सलामी होते. ही सलामी वर्षानुवर्षं कोणत्या तोफांनी दिली जायची, माहितेय? ब्रिटिश बनावटीच्या '२५ पाउंडर' तोफांनी! स्वातंत्र्यदिनाच्या सलामीत देशी तोफ पहिल्यांदा धडाडली ती थेट १५ ऑगस्ट २०२२ ला. तिचं नाव ॲटॅग्स. आणि ती डिझाइन झाली पुण्यात, पाषाणच्या एआरडीई या संस्थेत. पाषाणच्या पुढे सूस लागतं आणि तिथून मुळशी तालुका सुरू होतो. म्हणजे हिंजवडीला किंवा पिरंगुटला राहणाऱ्यांसाठी ही गोष्ट अगदी शेजारची आहे.

मग १९४७ ला आपल्याला मिळालं तरी काय? सोपं करून सांगायचं तर फोन त्या रात्री आपल्या नावावर झाला, पण त्याचं लॉक बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच्याच बोटाने उघडत होतं. नाव बदलायला एक रात्र पुरते. लॉक बदलायला किती वेळ लागतो, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं निघालं. काही ठिकाणी ते काम आजही चालू आहे.

विमानावरचं 'व्हीटी' म्हणजे काय?

पौड किंवा पिरंगुटला उभं राहून फोनवर फ्लाइटरडार२४ सारखं ॲप उघडा. डोक्यावरून जाणाऱ्या विमानावर टॅप केलं की त्याचा नोंदणी क्रमांक दिसतो. भारतात नोंदलेलं असेल तर तो 'व्हीटी'ने सुरू होतो, जशी आपल्या गाडीची पाटी 'एमएच'ने सुरू होते. (लोहगावची सुखोई मात्र इथे सहसा दिसणार नाही. लढाऊ विमानं आपला ठावठिकाणा असा जगजाहीर करत नाहीत.)

'व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयज टेरिटरी', असं सोशल मीडियावर फिरत असतं. ऐकायला भारी वाटतं, पण हे नंतर कुणीतरी बसवलेलं स्पष्टीकरण आहे. १९२० च्या दशकात रेडिओसाठी देशोदेशीची अक्षरं वाटली गेली, तेव्हा 'व्ही'ने सुरू होणाऱ्या जोड्या ब्रिटिश साम्राज्यातल्या प्रदेशांच्या वाट्याला आल्या. त्यातली एक आपली. ऑस्ट्रेलियाची विमानं आजही 'व्हीएच' लावून उडतात. पाकिस्तान नवा देश असल्यामुळे त्याला 'एपी' ही नवी जोडी मिळाली. आपण आहे तीच ठेवली. ती बदलायची मागणी संसदेतही झाली आहे, पण बदलायची तर प्रत्येक विमान पुन्हा रंगवा, सगळी कागदपत्रं नव्याने करा. माझ्या मते खर्चच करायचा असेल तर तो पुढे येणाऱ्या इंजिनावर करावा, अक्षरांवर नको.

आकाश नेमकं कुणाचं?

१९४४ साली शिकागोत एक आंतरराष्ट्रीय करार झाला. आजची सगळी नागरी विमान वाहतूक त्याच्यावर उभी आहे. त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचा हक्क असतो. भारतानेही या करारावर सही केली होती, पण तेव्हा दिल्लीत सरकार ब्रिटिशांचं होतं. १९४७ नंतर हा हक्क खऱ्या अर्थाने आपल्या हातात आला.

त्याचा फायदा लगेच दिसला. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. या कंपनीत सरकारचा ४९ टक्के वाटा होता. कुठल्या देशाची विमानं आपल्याकडे उतरणार, किती, आणि त्या बदल्यात आपल्याला तिकडे काय मिळणार, हा सौदा आता दिल्ली करणार होती. पुढे १९५३ ला विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया परत टाटांकडे गेली. तो वेगळा विषय आहे.

हा हक्क बंद करायलाही वापरता येतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांसाठी बंद केलं, मग भारतानेही तेच केलं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला. त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही. वैमानिकांना एक सूचना निघाली, बस.

आणखी एक उदाहरण अगदी मुळशीतलं आहे. २४ ऑगस्ट २०२४ ला पौडजवळ एक खासगी हेलिकॉप्टर कोसळलं. सुदैवाने आतले चौघेही वाचले. दीड महिन्याच्या आत, २ ऑक्टोबरला, बावधनच्या डोंगराळ भागात दुसरं कोसळलं आणि त्यात तिघांचा जीव गेला. दोन्ही हेलिकॉप्टरं इटालियन डिझाइनची. मग चौकशी कोण करणार, इटली की भारत? आंतरराष्ट्रीय नियमानुसार अपघात ज्या देशाच्या भूमीवर होतो, त्या देशाने चौकशी करायची. आपल्याकडे हे काम एएआयबी करतो. डिझाइन करणाऱ्या देशाला आपला प्रतिनिधी पाठवता येतो, पण अहवाल आपला. पौडच्या पावसात पडलेला मशीनचा तुकडा कुणी उचलायचा, इतक्या बारीक गोष्टीपर्यंत सार्वभौमत्व पोचतं ते असं.

लष्कर मिळालं, पण प्रमुख कोण?

फाळणीत सैन्याचीही वाटणी झाली. माणसं, विमानं, जहाजं, अगदी कार्यालयातलं सामानसुद्धा वाटलं गेलं. पण दारूगोळ्याचे कारखाने उचलून नेता येत नाहीत. ते सगळे भारताच्या हद्दीत होते, पाकिस्तानच्या वाट्याला जागेवर एकही आला नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा.

माणसांची गोष्ट उलटी होती. जवान भारतीय, पण वरच्या हुद्द्यांवर बहुतेक इंग्रज. त्यामुळे स्वतंत्र भारताच्या लष्कराचे प्रमुखही सुरुवातीला इंग्रजच राहिले. १५ जानेवारी १९४९ ला जनरल करिअप्पा पहिले भारतीय प्रमुख झाले, म्हणून तो दिवस आपण लष्कर दिन म्हणून पाळतो. हवाई दलाला पहिला भारतीय प्रमुख मिळाला १९५४ ला, सुब्रतो मुखर्जी. आणि नौदलाला? थेट १९५८ ला, रामदास कटारी. स्वातंत्र्याला तोपर्यंत जवळपास अकरा वर्षं होत आली होती!

इतका वेळ का लागला? कारण युद्धनौकांचा ताफा किंवा विमानांची तुकडी सांभाळणारा अधिकारी तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं जातात. ब्रिटिशांनी ही दारं भारतीयांना उशिरा आणि जेमतेम उघडली होती. म्हणूनच अधिकारी घडवणारी स्वतःची संस्था ही पहिली गरज ठरली. ६ ऑक्टोबर १९४९ ला नेहरूंनी खडकवासल्याला एनडीएची पायाभरणी केली आणि जानेवारी १९५५ मध्ये अकादमी तिथे सुरू झाली. तिची मुख्य इमारत 'सुदान ब्लॉक' म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय जवानांची आठवण म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातला भारताचा वाटा इथे वापरला गेला. २०२२ पासून इथे मुलीही शिकतात. बारावीनंतरचा पर्याय शोधणाऱ्या वाचक मुलींनी हे लक्षात ठेवावं.

तोफ आपली, दारू कुणाची?

१९५८ ला डीआरडीओ स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात एआरडीई. शेजारीच एचईएमआरएल आहे. तिथे स्फोटकं आणि रॉकेटचं इंधन यांवर संशोधन चालतं. या दोन्ही जागांवरून रोज हजारो लोक जातात आणि भिंतीपलीकडे काय चालतं याचा फारसा विचार कुणी करत नाही.

इथून निघालेलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे पिनाक. एका गाडीवर १२ रॉकेटं, ती सगळी ४४ सेकंदांत सुटतात. १९९९ च्या कारगिल युद्धात पिनाकचा वापर झाला. ॲटॅग्स ही १५५ मिलिमीटरची ओढून न्यायची तोफ, लांब पल्ल्याचा गोळा वापरला तर मारा ४५ किलोमीटरच्या पलीकडे. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला. त्या बनवणार आहेत दोन खासगी कंपन्या, त्यातली एक पुण्याचीच भारत फोर्ज.

तोफेचं हे जमलं. विमानाचं प्रकरण मात्र अवघड निघालं.

घोडं अडतं ते इंजिनाशी

भारतात विमान बनवायची सुरुवात स्वातंत्र्याच्या आधीच झाली होती, आणि ती केली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. १९४२ ला युद्धकाळात ब्रिटिश सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिथे प्रामुख्याने दोस्त राष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली. तीच आजची एचएएल.

याच कंपनीने 'मारुत' हे लढाऊ विमान बनवलं. जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बनलेल्या या विमानाने १९६१ ला पहिलं उड्डाण केलं. सांगाडा उत्तम होता, पण त्याला साजेसं ताकदवान इंजिन बाहेरून मिळालं नाही आणि आपल्याकडे नव्हतं. त्यामुळे मारुत शेवटपर्यंत ठरवलेला वेग गाठू शकलं नाही.

तेजसच्या वेळीही तसंच घडलं, फक्त या वेळी मुद्दा कोडचा होता. हिंजवडीत काम करणाऱ्यांना हे लगेच समजेल. तेजस हवेत स्थिर राहतं ते संगणकामुळे. वैमानिकाने दांडा हलवला की सॉफ्टवेअर ठरवतं की पंखांच्या झडपा किती वळवायच्या. या प्रणालीवर आपले शास्त्रज्ञ अमेरिकेत तिथल्या कंपनीबरोबर काम करत होते. १९९८ ला पोखरण झालं, अमेरिकेने निर्बंध लावले आणि त्यांना काम तिथेच सोडून परत यावं लागलं. उरलेलं त्यांनी इथे पूर्ण केलं आणि ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं. त्या प्रणालीचा धागा आज पूर्ण आपल्या हातात आहे.

इंजिन मात्र अजूनही अमेरिकन. 'कावेरी' हे देशी इंजिन तेजससाठी पुरेसं ताकदवान ठरलं नाही. २०२१ ला ८३ तेजस मार्क-१ए ची ऑर्डर दिली, पण त्यासाठीची इंजिनं यायला लागली मार्च २०२५ पासून. पुरवठादार उशीर करत असेल तर आपण फोन करू शकतो, पत्र पाठवू शकतो. इंजिन काढून देऊ शकत नाही.

म्हणजे सगळंच घरी बनवायचं का? तसं कुणीच करत नाही, मोठे देशही सुटे भाग बाहेरून घेतात. फक्त कोणता भाग थांबला तर विमान जमिनीवर बसतं, हे ओळखून तो आधी हातात घ्यायला हवा. विमानात तो भाग इंजिन आहे, आणि आपण तिथे उशिरा जागे झालो.

तुमच्या फोनमधला नाविक

कारगिलच्या वेळी अमेरिकेने जीपीएसची हवी ती माहिती दिली नाही, असं सांगितलं जातं. त्यानंतर स्वतःची प्रणाली हवी, हा विचार पक्का झाला. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, सातवा एप्रिल २०१६ ला, आणि या प्रणालीला नाव मिळालं 'नाविक'.

हे चालतं कसं? प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. तो सतत वेळ सांगतो, आणि ती वेळ फोनपर्यंत पोचायला किती उशीर लागला यावरून फोन अंतर काढतो. घड्याळ एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाने चुकलं की अंतर ३० सेंटिमीटरने चुकतं. सगळा खेळ घड्याळाचा, आणि आपली पहिली घड्याळं आयात केलेली होती. २०१६ ला पहिल्या उपग्रहातली घड्याळं बंद पडली. देशी अणुघड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ गेला २९ मे २०२३ ला. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोचला नाही, त्यामुळे नाविकची बाजू सध्या थोडी लंगडी आहे.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये नाविक चालतं का, हे पाहायचंय? प्ले स्टोअरवरून 'जीपीएसटेस्ट' हे मोफत ॲप घ्या, उघड्यावर जा आणि दोन मिनिटं थांबा. दिसणाऱ्या उपग्रहांच्या यादीत तिरंगा दिसला तर फोन नाविक पकडतोय. ताम्हिणीसारख्या दरीत, जिथे दोन्ही बाजूंचे डोंगर आकाश झाकतात, तिथे वर उंचावर दिसणारा प्रत्येक जास्तीचा उपग्रह कामाचा.

आणि तुमचा ड्रोन?

पावसाळ्यात ताम्हिणीला ड्रोन उडवणारे खूप असतात, म्हणून हे सांगायलाच हवं. ड्रोन नियम २०२१ नुसार देशाचा नकाशा तीन रंगांत वाटलेला आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फूट होते. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि लाल भागात थेट केंद्र सरकारची. पुण्याच्या आसपास लोहगाव, खडकवासला, पाषाण अशी संरक्षणाची ठिकाणं एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे एका टेकडीवर चालतं ते पलीकडच्या टेकडीवर चालेलच असं नाही. निघण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा उघडून तुमची जागा कोणत्या रंगात येते ते बघा.