डोक्यावरचं आणि ताटातलं

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. संध्याकाळी माझ्या भाचीचा फोन आला. तिला शेगाव तालुक्यातल्या एका गावात दिली आहे. म्हणाली, "मामा, केस हातात येऊन राह्यले. ओढले बी नाही, नुसता हात लावला की येते."

मी वाशीमला तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि माझं स्वतःचं डोकं १९७९ पासून मोकळं आहे, त्यामुळे केसांच्या बाबतीत सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला आपोआप मिळालाय असं मला वाटतं. मी म्हणालो, "बाळंतपणानंतर जातात थोडे. खोबरेल तेल लाव, काळजी करू नको." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, माझेच नाही. शेजारच्या काकूचे, त्यांच्या नातवाचे, समोरच्या आजोबाचे. तीन दिवसांत टक्कल पडून राह्यलं."

तीनशे पानांचा इतिहास पाठ असलेल्या माणसाला यावर काय बोलावं ते सुचलं नाही.

माझं टक्कल वेगळं होतं. सव्विसाव्या वर्षी कपाळ मागे सरकू लागलं, आणि नेमके तेच माझे मुली पाहण्याचे दिवस. दोन ठिकाणी मी टोपी घालून गेलो. तिसऱ्या ठिकाणी मुलीच्या आजीनं सरळ विचारलं, "पाव्हणे, डोकं दुखते का?" त्या काळात मी काय केलं नाही! कुणी सांगितलं कांदा चोळा, चोळला. कुणी म्हणालं मुंडण केल्यावर दाट येतात. तेही केलं, आणि वस्तऱ्याचा केसांच्या मुळाशी काही संबंध नसतो हे स्वतःच्या डोक्यावर शिकलो. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून मनिऑर्डर करून तेलाच्या तीन बाटल्या मागवल्या. तेलाला वास चांगला होता, एवढंच सांगतो.

पुढे इतिहास वाचताना कळलं की या रांगेत मी फार मागे उभा आहे. इजिप्तमध्ये साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहिलेली एबर्स पपायरस नावाची वैद्यकीय गुंडाळी आहे. तिच्यात टकलावर सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांची चरबी लावायला सांगितली आहे. रोमचा ज्युलियस सीझर मागचे केस पुढे ओढून घ्यायचा आणि विजयाचा पर्णमुकुट कायम डोक्यावर ठेवण्याचा मान त्याला सगळ्यात जास्त आवडायचा, असं त्याच्या चरित्रकारानं, सुएटोनियसनं लिहून ठेवलंय. आपल्याकडे सुश्रुतानं खालित्य आणि इंद्रलुप्त यांची कारणमीमांसा केली. बिघडलेलं पित्त वातासह केसाच्या मुळाशी जातं आणि केस गळतात, मग कफ आणि रक्त ते छिद्रच बुजवतात, म्हणून नवा केस येत नाही. चाई पडलेल्या जागेवर गुंजेचा लेप लावायची जुनी पद्धत यातलीच. (गुंज विषारी असते, घरी कुणी हा प्रयोग करू नये.) हस्तिदंत जाळून केलेल्या काजळीच्या एका लेपाबद्दल तर जुन्या ग्रंथांत म्हटलंय की त्यानं तळहातावरही केस उगवतात! ग्रंथ कितीही थोर असो, केसांचा विषय निघाला की जाहिरातीचा सूर लागतोच.

पुरुषांच्या टकलाचं कारण खऱ्या अर्थानं कळायला १९४२ साल उजाडलं. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकानं दाखवलं की वयात येण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण त्यांना पुरुषी संप्रेरक दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. औषधं मात्र आडवाटेनं आली. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस वाढू लागले, म्हणून कुणीतरी ते डोक्याला लावून पाहिलं. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला केसांसाठी परवानगी मिळाली. फिनास्टेराइड हे प्रोस्टेटचं औषध १९९७ मध्ये याच कामाला लागलं. दोन्ही काहींना उपयोगी पडतात, पण बंद केली की मिळालेलं हळूहळू परत जातं. फिनास्टेराइडच्या फुटक्या गोळीला तर गरोदर बाईनं हातही लावायचा नसतो. उरलं केसांचं रोपण. तिथे आपल्याच मानेवरचं पीक उपटून कपाळावर लावतात. ते शिकलेल्या डॉक्टरकडूनच करावं, ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत नाही. आणि एक गंमत सांगतो. आपल्या देशाच्या औषध नियमांत 'जे' नावाचं परिशिष्ट आहे. कोणतंही औषध जे आजार बरे करण्याचा दावा करू शकत नाही, त्यांची ती यादी. तिच्यात टक्कल आहे. माझ्या मनिऑर्डरच्या वेळी हे ठाऊक असतं तर!

मी या सगळ्यावर हसू शकतो, कारण मी पुरुष आहे. टकल्या मास्तरला पोरं दोन दिवस हसतात आणि विसरतात. माझ्या भाचीनं मात्र आठ दिवस डोक्यावरचा पदर काढला नाही. तिची आजेसासू तिच्याकडे पाहून रडू लागली, आणि का, हे आम्हा इतिहासवाल्यांना सांगावं लागत नाही. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. हरिषेण राजाच्या काळातली अजिंठ्याची लेणी पाहा, तिथल्या स्त्रियांच्या केशरचना मोजून संपत नाहीत. आणि त्याच आपल्या मुलखात पुढे अनेक घरांत नवरा गेला की बाईचे केस भादरत. 'बोडकी' ही शिवी तिथूनच आली. हरिभाऊ आपट्यांची यमू याच वाटेनं गेली. १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी या कामाला हात लावायला नकार दिला. त्यांच्या मागे नारायण मेघाजी लोखंडे उभे होते. वपन थांबलं, पण केस नसलेल्या बाईकडे पाहण्याची नजर काही वस्तऱ्यासोबत गेली नाही. शेगाव भागातल्या गावांत त्या महिन्यात ठरलेली लग्नं अडली. पोरी शाळा-कॉलेजात जाईनात.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगावापासून हे सुरू झालं. आधी डोक्याला खाज, मग केस राठ, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पुढे अठरा गावांत पावणेतीनशेहून जास्त माणसं झाली. पहिला संशय शाम्पूवर गेला, पण ज्यांनी जन्मात शाम्पू वापरला नाही त्यांचेही केस गेले होते. मग पाणी. तो भाग खारपाणपट्ट्यातला, पाण्यात नायट्रेट जास्त निघालं, त्यामुळे संशय साहजिकच होता. बुरशीचीही शंका घेतली गेली. आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे, स्वतः त्या गावांत गेले. त्यांनी लोकांचं डोकं पाहून झाल्यावर ताट पाहिलं. रेशनचा गहू तपासायला दिला. किलोमागे साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, स्थानिक गव्हाच्या सुमारे सहाशे पट असं त्यांनी सांगितलं. गहू धुऊन तपासला तरी साडेतेरावर आकडा. म्हणजे विष वरच्या धुळीत नव्हतं, दाण्यात होतं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम वाढलेलं आणि जस्त घटलेलं होतं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असा त्यांचा निष्कर्ष. फेब्रुवारीत त्यांनी हे मांडलं तेव्हा आयसीएमआरचा अधिकृत अहवाल यायचा होता आणि सरकारी यंत्रणेनं दुजोरा दिला नव्हता, हेही सांगायला हवं.

पण इतिहास त्यांच्या बाजूनं बोलतो. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूरच्या काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, शिवालिकच्या डोंगरातून पुराबरोबर वाहून आलेलं. चीनमध्ये हुबेई प्रांतातल्या एन्शी इथे १९६१ ते १९६४ दरम्यान असंच घडलं. दुष्काळात भात गेला, लोक स्थानिक मका आणि भाजीपाल्यावर जगू लागले, आणि सर्वाधिक बाधित पाच गावांतल्या जवळजवळ निम्म्या माणसांचे केस आणि नखं गळली. कारण गावाच्या जमिनीतल्या दगडी कोळशातलं सेलेनियम. आणि २००८ मध्ये अमेरिकेत एका पौष्टिक द्रवात चुकून लिहिल्यापेक्षा सुमारे दोनशे पट सेलेनियम पडलं. दोनशे एक माणसं आजारी पडली, त्यांतल्या बहुतेकांचे केस गेले. केसांच्या ज्या गोळ्या आज दुकानात मिळतात त्यांच्या डबीवर घटक वाचा, सेलेनियम बरेचदा सापडेल. भाचीच्या जावेनं तशी एक डबी आणलीच होती. मी फोनवर ओरडून ती परत करायला लावली. आयुष्यात केसांबद्दल दिलेला माझा तो एकमेव उपयोगी सल्ला.

गावात बहुतेकांचे केस दीड-दोन महिन्यांत पुन्हा येऊ लागले. एप्रिलमध्ये भाची अकोल्यावरून पूर्णेच्या गाडीनं वाशीमला आली. दारातच तिनं पदर मागे घेतला. बोटभर केस होते, पोराच्या जावळासारखे उभे. आमच्या हिनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघी हसल्या.

चहा घेताना तिनं हात पुढे केले. नखं पांढरी, ठिसूळ, दोन बोटांची तुटून पडलेली. त्या गावांत तेव्हा हेच सुरू झालं होतं. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे डिसेंबरात पोटात गेलेलं एप्रिलमध्ये बोटावर दिसतं. मी हे तिला समजावून सांगत होतो, तोवर तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेला मूठभर गहू काढून टेबलावर ठेवला.

"मामा, हा या महिन्याचा हाय. कुठं तपासून देते का वाशीमले?"

मी तो गहू घेऊन दुसऱ्या दिवशी तीन कार्यालयं फिरलो. गहू अजून माझ्या कपाटात आहे.