दुसरे मत

१९५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराला कागदावर शिक्का मारावा लागत नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी आणि तीवर त्याचे चिन्ह चिकटविलेले. मतदाराने पडद्याआड जावे, हातातला कागद आपल्या पसंतीच्या पेटीत सोडावा आणि बाहेर यावे. अक्षरशत्रू माणसालाही घोटाळा होऊ नये म्हणून केलेली ही सोय १९५७ च्या निवडणुकीपर्यंत टिकली. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्व नावांची एक मतपत्रिका आणि शिक्का आला.

पेट्यांच्या या काळातली आणखी एक व्यवस्था आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. काही मतदारसंघ दोन जागांचे असत. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. अशा ठिकाणी प्रत्येक मतदाराच्या हाती दोन मते पडत आणि ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. एक मत आपल्या माणसाला दिल्यावर दुसऱ्याचे काय करावयाचे, हा प्रश्न गावोगावी उभा राही. लहान पक्षांच्या राजकारणाचा विचार करू लागलो की मला प्रथम हे दुसरे मत आठवते. त्याचे श्रेय एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याला आहे.

त्यांना सारा गाव आबा म्हणे. त्यांचे नाव येथे देत नाही. ते कोणत्याही पक्षाच्या इतिहासात आलेले नाही, आणि यावे अशी त्यांचीही इच्छा नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या गावी मी शाळेवर होतो तेथे ते शेतकरी कामगार पक्षाचे काम करीत. मी एका कादंबरीसाठी सामग्री गोळा करीत होतो, म्हणून रात्री त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. कादंबरी झाली नाही, वह्या मात्र राहिल्या.

१९५२ साली आबा एकोणीस वर्षांचे होते. मतदानाचे वय तेव्हा एकवीस. ते अठरावर यायला १९८९ साल उजाडावे लागले. तेव्हा मताचा अधिकार नसलेला हा पोरगा पत्र्याचा कर्णा घेऊन वाड्यावस्त्या हिंडला. पक्ष नवा होता. काँग्रेसच्या पोटातच शेतकरी-कामगारांचा संघ म्हणून निघालेला, आणि १९४७-४८ च्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी वेगळा केलेला. १९५० साली दाभाडीला त्याने मार्क्सवादाचा प्रबंध स्वीकारला. आबांनी तो प्रबंध वाचलेला नव्हता. “आम्हाला एवढंच कळलं होतं, मास्तर, की खंडकऱ्याची जमीन त्याच्या नावावर व्हायला पाहिजे. बाकीचं पुण्यातल्या लोकांनी बघायचं.”

त्या निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ पैकी २६९ जागा काँग्रेसने घेतल्या. शेकापला १४ मिळाल्या. लोकसभेच्या दोन-जागी सोलापूर मतदारसंघात मात्र निराळेच घडले. सर्वसाधारण जागेवर शेकापचे शंकरराव मोरे आणि राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोन विरोधी पक्षांचे दोन उमेदवार निवडून आले. दोन लहान पक्षांनी एकमेकांकडे दुसरे मत वळविल्यावाचून असे घडणे कठीण, असे आबांचे म्हणणे, आणि मलाही ते पटते.

त्याच वेळी उत्तर मुंबईच्या दोन-जागी मतदारसंघात समाजवादी अशोक मेहता आणि फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जोडी होती, आणि दोघेही पडले. बाबासाहेबांचा पराभव काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी झाला. बाद ठरलेली मते होती ७४,३३३. बाबासाहेब व मेहता यांनी निवडणूक अर्जाद्वारे तक्रार केली की, मते फुकट घालविण्याचा प्रचार मुद्दाम करण्यात आला. तो अर्ज फेटाळला गेला. मराठीत या प्रकाराला तेव्हा ‘मते कुजविणे’ असा शब्द रूढ झाला. शब्द ओंगळ आहे, पण नेमका आहे.

१९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत तोच प्रसंग पुन्हा आला. त्या काळच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत असे येते की, सवर्ण मतदार आपल्याला दुसरे मत देणार नाहीत, तेव्हा आपल्या लोकांना दुसरे मत कुजवू द्या, अशी गळ बाबासाहेबांना घालण्यात आली आणि त्यांनी ती मानली नाही. ज्याने राज्यघटना घडविली त्याने मत वाया घालवा असे सांगावयाचे कसे? निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या बोरकरांकडून सुमारे आठ हजारांनी हरले. फेडरेशनने दुसरे मत दिले. परत आले ते पुरेसे नव्हते.

आबा हा प्रसंग सांगताना नेहमी थांबत. मग म्हणत, “आमच्या गावात असं झालं न्हाई. आमच्या आळीनं हत्तीच्या पेटीत मतं टाकली.” हत्ती हे फेडरेशनचे चिन्ह. मी एकदा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतल्या एका वृद्ध गृहस्थांना याबद्दल विचारले. त्यांनी तंबाखू मळता मळता सांगितले, “टाकली असतील की. पेटीवर चिन्ह होतं गुरुजी, आळीचं नाव नव्हतं.” मी हे आबांना कळविले नाही.

आबांच्या मते त्यांच्या आयुष्यातली खरी निवडणूक एकच, १९५७ ची. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, फेडरेशन हे एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका मंडपाखाली आले. आबांचे ते पहिले मत. शेकापला विधानसभेत ३१ जागा मिळाल्या, प्रजासमाजवाद्यांना ३६, फेडरेशन व कम्युनिस्टांना प्रत्येकी १३. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. महाराष्ट्र मिळाला १ मे १९६० रोजी, आणि समितीचे कारण संपले. १९६२ साली २६४ पैकी २१५ जागा पुन्हा काँग्रेसच्या, शेकाप १५ वर.

येथे बहुतेक लेखक ‘लहान पक्ष फुटले, संपले’ असे लिहून पान उलटतात. आबांचे निदान निराळे होते. पक्ष फुटत नाही, वरून उसवतो, असे ते म्हणत. जेधे १९५४ साली काँग्रेसमध्ये परतले, पुढे समितीत आले, ते वेगळे. पण ज्या शंकरराव मोऱ्यांसाठी आबांनी कर्णा फुंकला ते १९६२ साली पुण्याहून काँग्रेसचे खासदार झाले. यशवंतराव मोहिते गेले, मंत्री झाले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाची वर्तमानपत्रांनी तारीफ केली. आबा म्हणत, “बेरीज त्यांची, वजाबाकी आमची. पण गावातला कार्यकर्ता कुठं जाणार? त्याला कुणी बोलावतच न्हाई.” आबांना एकदा बोलावले होते, हे मला त्यांच्या पत्नीकडून कळले. सोसायटीच्या पंचमंडळात जागा देऊ केली होती. त्यांनी का नाकारली हे त्या माउलीलाही सांगता आले नाही. “त्यांच्या मनात नव्हतं,” एवढेच त्या म्हणाल्या.

आता मुख्य मुद्दा. लहान पक्षाला दिलेले मत वाया जाते काय? आबांचे उत्तर ठाम होते, आणि ते आकड्यांनी बोलत नसत, कायद्यांनी बोलत. १९४८ च्या कूळकायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. कायदा काँग्रेसने केला, हे खरे. “पण मास्तर, आमचे चौदा आमदार नसते आणि गावोगाव आमची पोरं नसती, तर त्यांना घाई होती का?” १९७२ च्या दुष्काळी निवडणुकीत शेकाप ७ वर आला, तरीही त्या दुष्काळात कामासाठी निघालेल्या मोर्चांत त्याचे लोक पुढे होते, आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने केला. जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे, जासई परिसरात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात पडले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. सत्ता ज्यांची होती त्यांनी दिले. मागितले मात्र दुसऱ्यांनीच. १९७८ च्या पुलोद सरकारात एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख मंत्री झाले, त्याचे आबांना कौतुक होते, फार नव्हे.

इथवर मी आबांच्या बरोबर आहे. एका गोष्टीत नाही. पुढाऱ्यांनी दगा दिला म्हणून लहान पक्ष खचले, एवढ्यावर मला समाधान वाटत नाही. कूळकायद्याने ज्याला जमीन मिळाली तो कूळ म्हणून नोंदलेला शेतकरी होता. ज्याच्या नावावर काहीच नव्हते, त्याचे काय? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला. हजारोंनी माणसे तुरुंगात गेली. पडीक आणि गायरान जमीन भूमिहीनांना द्या, अशी मागणी होती. मी आबांना विचारले, तेव्हा तुमचा पक्ष गावात कोणाच्या बाजूला होता? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ठराव पाठिंब्याचा होता. गायरानावर गुरं आमचीच चरत होती.”

या उत्तरासाठी मी त्यांना मानतो. सोलापूरच्या त्या जोडीचे पुढे काही झाले नाही याचे कारण मला या गायरानात दिसते. दोन-जागी मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. त्यामागची कारणे समजण्यासारखी होती. मतदारसंघ अवाढव्य होत आणि मोजणी किचकट होई. पण त्याबरोबर एका आळीने दुसऱ्या आळीकडे जाऊन मत मागण्याची आणि आपले एक मत देऊ करण्याची गरजही गेली. १९५७ साली नागपुरास रिपब्लिकन पक्ष निघाला, तोही पुढे गटागटांत वाटला गेला. हत्ती हे चिन्ह आज उत्तर प्रदेशात वाढलेल्या एका दुसऱ्या पक्षाकडे आहे.

चिन्हावरून आठवले. आबांचा सर्वांत मोठा राग पुढाऱ्यांवर नव्हे, नियमांवर होता. १९५१ च्या कायद्याने विधानसभेची अनामत २५० रुपये ठेवली. एकषष्ठांश मते पडली नाहीत तर ती जप्त. ही रक्कम १९९६ मध्ये ५,००० झाली आणि पुढे १०,०००. पहिल्या वेळी गावोगावी पायली-पायली ज्वारी गोळा करून अनामत भरल्याचे आबा सांगत. रुपयाची किंमत उतरली हे मी त्यांना दाखवून दिले, आणि २५० रुपये तेव्हा लहान रक्कम नव्हती हेही. ते त्यांना मान्य होते. त्यांचे दुखणे निराळे होते: तेव्हा ज्वारी देणारा माणूस आपला पैसा वाचावा म्हणून तरी मत द्यायला येई. १९६८ च्या चिन्हांच्या आदेशाने ठराविक मते किंवा जागा न मिळविणाऱ्या पक्षाचे राखीव चिन्ह जाते. ज्या पक्षाचा मतदार चिन्ह पाहून मत देतो, त्याचे चिन्ह काढून घेणे म्हणजे त्याच्या दाराचा उंबरा काढून नेणे, असे त्यांचे मत. यावर उलट युक्तिवाद करता येतो. शेकडो कागदी पक्षांना चिन्हे राखून ठेवली तर यंत्रावर जागा पुरणार नाही. आबांनी तो ऐकून घेतला. “मग कागदी पक्ष काढणाऱ्याला अडवा,” म्हणाले.

त्यांच्या एका वहीत पक्षाच्या आमदारांचे आकडे होते: १४, ३१, १५, १९, ७, १३, आणि पुढे उतरत जाणारे. शेजारच्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, १९७२ आणि १९९५ साली हरले, हेही नोंदलेले. वहीतला शेवटचा आकडा २०१९ चा, १. त्या मतदानाच्या दिवशी संध्याकाळी मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी निकालाचे भाकीत विचारले नाही. आपल्या बूथवर एजंट म्हणून कोण बसले होते, एवढेच विचारले. मोठ्या पक्षांची माणसे होती; आपल्या पक्षाचे कोणी नव्हते. “दिवसभर?” त्यांनी विचारले. मी हो म्हणालो.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. २०२४ साली सांगोल्यातून शेकापचा एक आमदार पुन्हा निवडून आला.