आगीपर्यंत पाण्याची वाट

तमिळनाडूतील कुंभकोणम हे पाण्याचे गाव आहे. उत्तरेस कावेरी, दक्षिणेस अरसलार आणि गावात ठिकठिकाणी दगडी पायऱ्यांची तळी. त्यांतील महामहम् तळ्याभोवती गोविंद दीक्षितांनी बांधलेले सोळा मंडप आहेत, आणि दर बारा वर्षांनी तेथे लक्षावधी भाविक स्नानासाठी लोटतात. गावाच्या नावातच कुंभ आहे. अमृताचा कुंभ येथे फुटला, अशी स्थलपुराणातील कथा. मराठी माणसाला हे गाव परके नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरास जे मराठी राज्य स्थापिले, त्याच्याच मुलखात ते येत असे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण म्हणून गाजलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावचा.

अशा या पाण्याच्या गावी १६ जुलै २००४ रोजी, एका शुक्रवारी सकाळी, शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली. मुलांच्या दुपारच्या जेवणाची तयारी तेथे चालली होती. स्वयंपाकघराचे छप्पर झावळ्यांचे होते, आणि वरच्या मजल्यावरील वर्गांचेही तसेच. एका छपराने दुसरे पेटविले. उतरण्यास जिना अरुंद होता. जळते छप्पर मुलांवर कोसळले आणि चौऱ्याण्णव बालके मृत्युमुखी पडली.

दोन नद्यांच्या मधोमध वसलेल्या गावात हे घडले. पाणी जवळ असणे आणि पाणी आगीपर्यंत पोचणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतर तोडण्यासाठी माणसाने गेली साडेतीनशे वर्षे जी खटपट केली, तिचा इतिहास म्हणजे अग्निशामक नळीचा इतिहास होय.

नळीपूर्वी घागर होती, बादली होती, आणि एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती बादली देणारी माणसांची रांग होती. पाणी दाबाने फेकणारा पंप तसा फार जुना. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने तो बनविला होता. परंतु त्याची तोटी पंपालाच घट्ट बसविलेली असे. त्यामुळे यंत्र जेथे उभे, तेथूनच पाण्याची धार सुटणार. ती भिंतीवर, कौलांवर आदळे. घराच्या आतील खोलीत जेथे खरी आग धुमसत असे, तेथे ती पोचत नसे. १६६६ साली लंडन शहर जळाले, तेव्हा लोकांच्या हाती बादल्या, पिचकाऱ्या आणि असेच तोंड बांधलेले पंप होते.

ही अडचण सोडविली ती एका चित्रकाराने. अ‍ॅमस्टरडॅमचा यान फान डर हेडन हा शहराची दृश्ये रंगविणारा नामांकित कलावंत. घराच्या भिंतीतील एकेक वीट मोजता यावी, इतके त्याचे काम बारीक. १६७२ च्या सुमारास त्याने आपल्या भावाच्या साह्याने पंपाला चामड्याची लवचीक नळी जोडली. पंप बाहेर रस्त्यावर ठेवावा आणि नळीचे तोंड हाती घेऊन माणसाने दारातून, जिन्यावरून, थेट आगीसमोर जावे, ही त्याची कल्पना. पुढे १६९० मध्ये त्याने या बंबांवर एक सचित्र ग्रंथच प्रसिद्ध केला. जुन्या बंबांनी झालेली हानी आणि नळीच्या बंबांनी वाचविलेली घरे त्यात शेजारी शेजारी मांडून दाखविली आहेत. आग बाहेरून नव्हे, तर आत शिरून विझविली पाहिजे, ही दृष्टी येथून सुरू झाली.

चामड्याची नळी आपल्याकडे अपरिचित नव्हती. विहिरीवर चालणाऱ्या मोटेची सोंड ही चामड्याचीच, आणि भिस्त्याची पखालही चामड्याचीच. परंतु मोटेच्या सोंडेतून पाणी आपल्या वजनाने थारोळ्यात पडते. त्याला कोणी मागून ढकलीत नाही. बंबाच्या नळीत ते दाबाखाली असते, आणि दाबाखालचे पाणी सर्वांत दुबळी जागा शोधून काढते. चामड्याच्या नळीत ही जागा म्हणजे शिवण. टाका उसवला की नळी फाटलीच. फिलाडेल्फियाच्या सेलर्स आणि पेनॉक या दोघांनी १८०७-०८ च्या सुमारास शिवणीऐवजी धातूचे रिव्हेट ठोकण्यास आरंभ केला. नळी पुष्कळ मजबूत झाली, पण जडही झाली. तिला वरचेवर तेल-चरबी चोळावी लागे. हयगय झाली की चामडे तडकत असे.

यावरचा खरा उपाय चांभाराच्या हाती नव्हता. तो कोष्ट्याच्या हाती होता. नळी शिवायचीच कशाला? ती मागावर अखंड गोल विणली तर शिवण उरतच नाही. अंबाडीसारख्या वाखाच्या किंवा जवसाच्या सुताच्या अशा नळ्या विणल्या जाऊ लागल्या. या सुताचा गुण असा, की भिजल्यावर ते फुगते. आरंभी नळी सर्व अंगांनी पाझरते. मग धागे फुगून छिद्रे बुजतात आणि पाझर कमी होतो. तरीही काही पाणी वाटेत वाया जाईच. तेव्हा आतून रबराचे अस्तर देण्याची कल्पना पुढे आली. १८२१ साली बॉस्टनच्या जेम्स बॉइडने रबराचे अस्तर असलेल्या सुती नळीचे पेटंट घेतले. मात्र कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधकाच्या योगाने रबर पक्के करण्याची रीत शोधली, तेव्हाच हे अस्तर भरवशाचे झाले. पुढे १८७० साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे गुडरिच यांनी कारखाना काढला. त्याच्या पहिल्या उत्पादनांत अग्निशामक नळी होती.

येथून पुढे नळीची दोन अंगे ठरून गेली. आतील रबर पाणी अडविते, आणि बाहेरील वीण दाब सोसते. रबराच्या अंगी ताकद नाही; ती धाग्याची आहे. म्हणून अशा नळीस सबलित नळी म्हणतात.

धाग्याने किती भार सोसावयाचा, हे साध्या गणिताने कळते. त्रेसष्ट मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला सात किलोग्रॅम दाब आहे, असे धरू. नळीला आडवी फाडू पाहणारा, म्हणजे तिचा घेर फुगविणारा ताण नळीच्या लांबीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे बावीस किलोग्रॅम भरतो. तिला लांबीच्या दिशेने तोडू पाहणारा ताण घेराच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे अकराच किलोग्रॅम. पहिला दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट. नळी केवढीही असो, हे प्रमाण बदलत नाही. म्हणून नळी विणताना ताण्यापेक्षा बाण्याचे, म्हणजे वळसे घेत जाणाऱ्या आडव्या धाग्याचे बळ दुप्पट ठेवावे लागते. कुंभकोणमच्या आसपास आजही रेशमी वस्त्रे विणणारे कुशल कारागीर आहेत. वस्त्रात ताणा कोणता आणि बाणा कोणता, हे त्यांना सांगावे लागत नाही. साडीत आडवा धागा नक्षी उमटवितो. नळीत तो माणसाचा जीव राखतो.

पण एवढ्याने भागत नाही. बाणा वळसे घेत जातो, म्हणून दाब चढताच नळी स्वतःभोवती पीळ घेऊ पाहते. तो पीळ आट्यांचे जोड सैल करील अशा दिशेने नसावा, याची काळजी विणतानाच घ्यावी लागते. पाण्याने भरलेल्या पंधरा मीटर नळीत सत्तेचाळीस किलोग्रॅम पाणी असते. ते जिन्यावरून ओढावयाचे असते माणसाने. नळी बारीक केली तर ओझे हलके होते, पण घर्षण वाढते. आणि तेही असे की, तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळीतून न्यावयाचे म्हटले, तर दाबाची हानी बत्तीसपट होते. शिवाय दर दहा मीटर उंचीला सुमारे एक किलोग्रॅम दाब खर्ची पडतो. जाडी, वजन, लवचीकपणा आणि दाब यांची तडजोड म्हणजेच नळीची रचना.

सूत आणि वाख यांचा एक मोठा शत्रू होता, तो म्हणजे ओल. आग विझवून आल्यावर नळ्या ओल्याच गुंडाळल्या तर धागा कुजे आणि पुढच्या प्रसंगी नळी ऐन वेळी फुटे. म्हणून जुन्या अग्निशामक ठाण्यांत नळ्या उभ्या टांगून वाळविण्यासाठी उंच मनोरे असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आणि पॉलिएस्टर हे कृत्रिम धागे आले. ते कुजत नाहीत आणि वजनाला हलके असतात. परंतु धगधगत्या निखाऱ्यावर कृत्रिम धागा वितळतो. म्हणून काही नळ्या मुद्दाम किंचित पाझरत्या ठेवतात. घामाने अंग थंड राहावे, तशी त्यांची बाहेरची बाजू ओली राहून जळण्यापासून वाचते. जो पाझर एके काळी दोष होता, तोच येथे गुण ठरला. भारतीय मानकांत न पाझरणाऱ्या आणि बेताने पाझरणाऱ्या नळ्यांसाठी स्वतंत्र मानके आहेत.

एकटी नळी कितीही चांगली असली तरी तिचे तोंड दुसऱ्या नळीशी जुळले पाहिजे. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर शहर पेटले, तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब धावून आले; पण त्यांच्या नळ्यांचे आटे तेथील पाण्याच्या खांबांना बसेनात. मदत दारात उभी राहिली आणि शहर जळत राहिले. एका देशात एकाच मापाचे जोड असावेत, हा धडा त्यातून मिळाला.

आणि नळीची मर्यादा कोणती, हे मुंबईने पाहिले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकेही होती. बंबवाल्यांनी नळ्या लावून शेकडो टन पाणी आत ओतले, पण कापसाच्या पोटातील आगीपर्यंत ते पोचेना. दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले. मुंबईच्या अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान त्या दिवशी कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. नळीचे दुसरे टोक कोणा माणसाच्या हाती असते, याचे ते स्मरण आहे.

आता पुन्हा कुंभकोणमकडे वळू. बंबाबरोबर येणारी नळी चपटी असते. ती गुंडाळलेली असताना तिच्यातून पाणी जात नाही. ती पूर्ण उलगडावी लागते, जोडावी लागते, मग पाणी सोडावे लागते. तरबेज माणसांना यासाठी थोडाच वेळ लागतो. परंतु त्याआधी बंब पोचावा लागतो. आणि वाळलेली झावळी तेवढी उसंत देत नाही. याचसाठी नळीचा आणखी एक प्रकार निर्माण झाला. इमारतीच्या भिंतीवर रहाटासारख्या चाकावर ती गुंडाळलेली असते. व्यासाने ती लहान असते, पण तिच्या रबरात धाग्यांचे सबलन असे गुंफलेले असते, की गुंडाळलेली असतानाही तिचा गोल आकार मोडत नाही. त्यामुळे चाकावर असतानाच तिच्यातून पाणी वाहू शकते. एकटा माणूस तिचे तोंड धरून धावू शकतो. तो जवानच असावा लागतो असे नाही. शिक्षक चालतो, शिपाई चालतो, स्वयंपाकीण चालते. फान डर हेडनने पाण्याला घराच्या आत नेले. या नळीने पाण्याला घरातच राहावयास लावले.

तरी सर्व भार नळीवर टाकणे न्याय्य नाही. ज्या शाळेला झावळ्यांचे छप्पर आणि अरुंद जिना आहे, तिला उत्तम नळीही तारू शकत नाही. दुर्घटनेनंतर तमिळनाडूत शाळांवरील गवताची व झावळ्यांची छपरे काढण्याचा आदेश निघाला. याच घटनेमुळे सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या याचिकेचा निकाल १३ एप्रिल २००९ रोजी लागला. सुरक्षित शाळेत शिकावयास मिळणे हा बालकाच्या शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरविले, आणि देशातील शाळांत अग्निसुरक्षेची साधने बसविण्याचा व कर्मचाऱ्यांना ती वापरण्यास शिकविण्याचा आदेश दिला.

ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. चाकावरची नळी भिंतीवर टांगून तिच्या पेटीस कुलूप घातले, किंवा टाकीत पाणीच ठेवले नाही, तर ती नळी म्हणजे केवळ एक शोभेची वस्तू. आपल्या मुलांच्या शाळेत ती आहे काय, तिच्यात पाणी येते काय, आणि ती उलगडावयास कोणास येते, हे तीन प्रश्न विचारण्यास पालकाला कोणतीही विद्या लागत नाही.

कुंभकोणमात दर वर्षी १६ जुलैला आईबाप त्या मुलांच्या स्मरणार्थ दिवे लावतात, फुले वाहतात. कावेरी तशीच वाहत असते. पाणी तेव्हाही होते, आजही आहे. ते आगीपर्यंत नेण्याची वाट मात्र आग लागण्यापूर्वीच बांधून ठेवावी लागते.