चाकाने सोडलेला घाट

जुन्नरहून नाणेघाटाकडे जाणारा सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरचा रस्ता अलीकडे सायकलवाल्यांच्या आवडीचा झाला आहे. पावसाळ्यात नाणेघाटाचा 'उलटा धबधबा' पाहायला मोटारींची रांग लागते, तेवढे शनिवार-रविवार सोडले तर वर्दळ तुरळक असते. भातखाचरे, धरणाचे पाणी, दोन्ही अंगांना किल्ले आणि अधूनमधून एखादी एसटी. या रस्त्याबद्दल बोलताना सायकलवाले हटकून एक शब्द वापरतात, 'शांत'. इतिहासाच्या अभ्यासकाने या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. सातवाहनांच्या काळी हा देश आणि कोकण जोडणारा राजमार्ग होता. मग तो शांत झाला कसा?

आधी हा मार्ग इथूनच का गेला ते पाहू. लादलेला बैल आणि सायकलवाला यांच्या गरजा सारख्याच असतात. दोघांनाही चढ नको असतो आणि वाटेत पाणी हवे असते. कुकडीचे खोरे या दोन्ही गोष्टी पुरवते. जुन्नरपासून घाटमाथ्यापर्यंत छाती फुटेल असा सलग चढ कुठे लागत नाही, लहानमोठे चढउतार तेवढे लागतात. आजचे डांबर नेमके जुन्या वाटेवरच पडले आहे असे नाही. माणिकडोह धरणाने खोऱ्याचा तळ बुडवला आणि रस्ता पाण्याच्या कडेने वळवून न्यावा लागला. पण दिशा तीच राहिली.

या दिशेच्या खुणा वाटेवर जागोजागी आहेत. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तिथल्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणी येतात, आणि इरिल, चिट, चंद अशी नावे सांगणारे यवन दातेही येतात. समुद्रापलीकडच्या व्यापाराशी नाते असल्याशिवाय ही नावे इथल्या कातळावर उमटली नसती. पुढे चावंडचा किल्ला लागतो, मग पूर गावी कुकडीच्या उगमापाशी कुकडेश्वराचे कोरीव देऊळ, आणि शेवटी जीवधनच्या पायथ्याचे घाटघर. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन ही किल्ल्यांची साखळी घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी होती. किल्ला बांधायला आणि राखायला पैसा लागतो. या कोपऱ्यात चार किल्ले राखणे ज्यांना परवडले, त्यांना घाटाचे मोल ठाऊक होते.

घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत आणि त्यावरूनच घाटाचे नाव पडले, असे लोक सांगतात. नावाची ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, जकात गोळा करायला याहून सोयीची जागा सापडणार नाही. दोन कड्यांमधून एकच अरुंद नळी खाली उतरते, तिला बगल देऊन माल नेता येत नाही. नळीच्या तोंडाशी लेणे आहे. त्यातला राणी नागनिकेचा लेख १८२८ मध्ये विल्यम साइक्स यांनी उजेडात आणला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्यावर काम केले. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची जंत्री त्यात आहे. भारतातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत या लेखातील आकडे मोडतात. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या मूर्ती होत्या. आज नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. यज्ञाचा हिशेब राजधानीत न कोरता घाटाच्या तोंडाशी कोरला, कारण वाचणारे इथून जात होते.

हा रस्ता पहिल्यांदा ओस पडू लागला तो राजकारणामुळे. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात म्हटले आहे की, कल्याणच्या बंदरातला व्यापार पुढच्या राज्यकर्त्याने अडवला आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदर अडले की घाट सुकणारच. पुढे सत्ता बदलल्या, बंदरे सावरली आणि घाट पुन्हा चालू लागला. त्यावरून माणसे आणि पाठीवर गोण्या लादलेली जनावरे चढत-उतरत राहिली.

दुसऱ्यांदा मात्र तो सावरला नाही. या वेळी कारण होते चाक. नाणेघाटाची वाट दगडी पायऱ्यांची आणि फरसबंदीची. ती खुराला आणि पावलाला चालते, गाडीला नाही. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी चढली, १८६५ मध्ये थळघाटातून. गाडीत आणि वाघिणीत जो माल जाऊ शकतो तो बैलाच्या पाठीवर कोण घालील? त्याआधी १८१८ मध्ये इंग्रजांनी चावंड आणि जीवधनच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या होत्या. राखणही गेली आणि राखण्यासारखे फारसे काही उरलेही नाही. पुढे मोटारी आल्या त्या शेजारच्या माळशेज घाटातून.

म्हणजे चाक चढू शकले नाही म्हणून जो रस्ता मागे पडला, त्याच्याच वाटेवर आज हौसेने चाक फिरते आहे. तेही घाटमाथ्यापर्यंतच. पलीकडे वैशाखऱ्याला उतरायचे तर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ज्याने ती घेतली त्याला घाटाचा इतिहास खांद्याने समजतो.

पण या शांततेची किंमत कोणी मोजली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. या खोऱ्याच्या वरच्या अंगाला मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. घाटवाटांची राखण हे या समाजाचे जुने काम. वाहता घाट म्हणजे चौकी, हमाली, मुक्कामाला आलेल्या तांड्याला विकलेले धान्य आणि चारा. घाट थांबला तशी ही मिळकत आटली. उरली पावसाची भातशेती आणि जंगलातला हिरडा. तरुण माणूस कामासाठी जुन्नर, कल्याण, पुणे गाठतो. आपल्याला जी निवांत वाटते ती गावे काही अंशी रिकामी झालेली आहेत.

म्हणून इथे मोठा रस्ता व्हावा, असे मी म्हणत नाही. नळी फोडून मोटारी उतरवल्या तर लेणे, रांजण आणि पायऱ्या यांचे काय होईल ते सांगायला नको. मागणे लहान आहे. या वाटेने सायकलवर जाणाऱ्याने पाण्याच्या बाटल्या आणि डबा शहरातून भरून आणू नये. घाटघरात भाकरी सांगावी, तिचे पैसे द्यावेत आणि चार गोष्टी विचाराव्यात. घाटावरून जाणाऱ्याने काहीतरी देऊनच पुढे जायचे, हा तर इथला सर्वांत जुना नियम आहे.